वखारीतलं हायस्कूल

दिवस बुडायला हातभर उरला होता आणि आण्णाप्पानं रोजच्यासारखं एक ताट जास्त वाढलं...

"आप्पा, आतातरी पुरं करा!" गावातच दिलेली त्याची लेक ब्राह्मी म्हणाली. "चार वर्षं झाली. दादा येणार न्हाय."

"तुझी आई वाढत हुती, म्हणून मी वाढतो."

जैनाचं घर ते. दिवस बुडाल्यावर तिथं कुणी घास घेत नसे. त्याची बायको चंपाबाई होती तेव्हा ती बेळगावात शिकणाऱ्या लेकाच्या, वर्धमानच्या नावाची भाकरी सूर्य मावळेपर्यंत झाकून ठेवायची, आणि मावळला की गाईला घालायची. ती गेली, आणि जन्मात कधी पिठाला हात न लावलेला आण्णाप्पा चुलीपुढं बसायला शिकला. पहिल्या वर्षीच्या त्याच्या भाकऱ्या गाईनंसुद्धा विचार करून खाल्ल्या!

निपाणीपासून चार कोसांवरच्या या गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. वर्धमान मुलगा, म्हणून त्याला आधी निपाणीला आणि पुढं बेळगावला ठेवलं. ब्राह्मी मुलगी, म्हणून तिचं दप्तर चौथीतच खुंटीला लागलं. सन चाळीसच्या उन्हाळ्यात आण्णाप्पानं आपली तंबाखूची वखार गावाच्या हायस्कुलाला दिली. पोती बाहेर काढली, आणि नवरा-बायकोनं नाकाला फडकी बांधून आठ दिवस ती झाडली. इंग्रजी पहिलीला, म्हणजे पाचवीला, चौदा मुलं बसली, त्यात तीन मुली! मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढत गेली. पण वीस वर्षांची भुकटी अशी झाडून थोडीच जाते? वारा सुटला की गणिताचा तास शिंकण्यात जायचा, आणि मास्तर म्हणायचे, "शिंकून झाल्यावर हात वर करा!" सगळ्या गावात ते वाक्य थट्टेचं होऊन बसलं होतं.

चंपाबाईला मात्र त्या आठ दिवसांत जो खोकला धरला, तो दोन वर्षांनी तिला घेऊनच गेला...

स्मशानातून परतल्यावर वर्धमान उंबऱ्यावरच थांबला होता. "तुमच्या शाळेनं माझी आई खाल्ली, आप्पा! या घरातलं अन्न मला नको!"

आण्णाप्पाच्या ओठांवर खरं काय ते आलं होतं, पण त्यानं गिळलं. शाळेचा ध्यास चंपाबाईचा होता. वखार तिनंच मागितली होती. आणि अंथरुणावर पडल्यावर त्याचा हात धरून ती म्हणाली होती, "वर्धमानला ह्यातलं सांगू नका. बापावर रागवंल तर रागवू दे, बापाला सोसतं. पण आईवर रुसलेलं पोर कुणापुढं रडंल, सांगा!" तो शब्द आण्णाप्पा चार वर्षं उरात घेऊन वावरत होता. पोराचं ताट वाढत होता आणि गप्प होता.

साल शेहेचाळीस होतं. मॅट्रिकच्या वर्गाची मंजुरी द्यायला इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांच्या स्वागताला दोनशे मुलं एकदम ताडकन उठली, आणि वरच्या वाशांतून तपकिरी भुकटी साहेबांच्या डोक्यावर उतरली! साहेब अकरा वेळा शिंकले. माणूस भला. डोळे पुसत म्हणाले, "कौलं उतरवून वासे धुऊन काढा, आणि बी. ए. झालेला हेडमास्तर आणा. मग मंजुरी."

गावात बी. ए. झालेला एकच. बेळगावात मास्तरकी करणारा वर्धमान.

"मी बोलवणार न्हाय," आण्णाप्पा पंचांना म्हणाला. "पोराच्या दुखण्यावर मला शाळा उभी करायची न्हाय."

पण ब्राह्मीनं कुणाला न विचारता आपल्या चौथीतल्या अक्षरात पत्र टाकलं. 'दादा, मी चौथीत राहिले. माझी लेक मॅट्रिक व्हावी का नको, एवढं येऊन सांग.'

आठव्या दिवशी, दुपार कलताना, वखारीवरची कौलं उतरत होती. छपरावर भावकू गवंडी, शिडीवर आण्णाप्पा, खाली सगळं गाव रांगेत... आणि प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून उतरलेला वर्धमान, कोट घातलेला, दाराशी येऊन उभा राहिला.

"पत्रानं नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून आलो, आप्पा," तो खाली बघत म्हणाला. "या छपराखाली माझ्यानं उभं राहवणार नाही."

"आता छप्पर हाय कुठं रं?" भावकू वरून ओरडला. "आणि बापावर कशाला राग? ह्याच्या तर मनातबी नव्हतं वखार द्यायचं!"

"भावकू, तोंड आवर!"

"न्हाय आवरत! लई दिवस आवरलं! त्या दिशी मी हितंच आढ्यावर कौलं चाळत हुतो. वखार तुझ्या आईनं मागितली, वर्धमान! ह्यो म्हणाला, गडी लावून झाडून घेऊ. तर ती म्हणाली, माझ्या पोरीचं दप्तर मी खुंटीला लावलं, आता दुसऱ्यांच्या पोरींसाठी झाडू मीच मारणार!"

सगळी रांग थांबली. वर्धमाननं मान वर केली.

"आप्पा... खरं हे?"

आण्णाप्पा हातातल्या कौलाकडं बघत राहिला. "तिनं शपथ घातलती रं. तिच्यावर तू रुसू नयेस म्हणून."

"आणि मी चार वर्षं तुम्हाला...!"

"बापाला सोसतं," आण्णाप्पा म्हणाला.

वर्धमाननं कोट काढला. ब्राह्मीनं आपल्या पदराची पट्टी फाडून पुढं केली. ती नाकाला बांधून तो शिडीखाली उभा राहिला, आणि बापाच्या हातातलं कौल त्यानं आपल्या हातात घेतलं. पाठोपाठ एक जबरदस्त शिंक आली!

"शिंकून झाल्यावर हात वर करा, हेडमास्तर!" भावकू म्हणाला, आणि रडता रडता सगळं गाव हसलं.

"अरं, दिवस बुडतोय, हात धू लवकर!" संध्याकाळी आण्णाप्पाची कोण धांदल उडाली. झाकलेलं ताट उघडलं. वर्धमाननं पहिला घास घेतला, आणि डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडलं.

"एका बाजूनं करपलीय, आप्पा."

"गाय कधी म्हणाली न्हाय!"

ताट रिकामं झालं तेव्हा सूर्याची कड माळाआड गेली. गोठ्यात गाय सवयीनं हंबरली. आण्णाप्पा उठून तिच्यापाशी गेला, तिच्या गळ्याखाली हात फिरवत राहिला.

"आज न्हाय गं बाई," तो डोळे पुसत हसला. "जेचा वाटा हुता, त्यानं खाल्ला."