मिक्सरवरचं लाल कुलूप

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. जिच्यावर हे गुदरलं ती बाई आजही हयात आहे, आणि सांगताना एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देत नाही.

मंगळवार. दुपारचे सव्वातीन. रंगाच्या कारखान्यातलं मिक्सरघर.

बाई तिथे सेफ्टी ऑफिसर. कामगार तिला ‘नाहीबाई’ म्हणायचे. कुणी काही विचारलं की तिचं पहिलं उत्तर तेच.

मिक्सर म्हणजे दोन पुरुष उंच टाकी, आत पाती. साफ करायला आत उतरणारा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. शिवाय झाकण उघडं असताना मिक्सर सुरूच होऊ नये, अशी सोय असते.

ती सोय बंद पडलेली होती.

गेल्या वर्षी फिटरमामा आत होते. माल काढायची घाई होती, म्हणून कुणीतरी त्यांचं कुलूप कापून मिक्सर चालू केला. मामा वाचले नाहीत. कुणी, ते चौकशीत ‘समजलं नाही’.

तेव्हापासून बाईने दुरुस्तीसाठी सात पत्रं लिहिली. एकालाही उत्तर नाही.

त्या दुपारी स्विचवर कुलूप होतं...

लाल. चौदा नंबरचं. फिटरमामांचं.

“कुणाला मस्करी सुचतेय?” मॅनेजर वैतागले. “कापा ते.”

ऑपरेटरने कापलं. सगळे वळले, आणि मागे खट्‌ असा आवाज झाला...

स्विचवर पुन्हा लाल कुलूप. कापलेलं खाली तसंच पडलेलं.

बाईने टाकीत टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं.

मग तिची नजर टाकीखालच्या वजनकाट्यावर गेली. रिकाम्या टाकीला तो शून्य दाखवायचा...

एकाहत्तर किलो.

“काटा बिघडलाय,” मॅनेजर म्हणाले. “चालू करा.”

“नाही.” तिने स्वतःचंही कुलूप अडकवलं. “आधी माणूस बाहेर येऊ दे.”

“कुठला माणूस, बाई?”

वर्षभर जीव तोडून सांगितलं, आणि आता हे असलं सांगायची पाळी आली, याचाच तिला संताप आला.

“तुम्ही घरी जा,” मॅनेजर म्हणाले. “कळवू आम्ही.”

संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. दबका आवाज.

“बाई, दोन्ही कुलपं कापली. मिक्सर चालला. काही झालं नाही.”

“आणि काटा?”

त्याने आवाज आणखी खाली आणला...

“हळूहळू शून्यावर आला. म्हणजे मामा बाहेर आले, की...”

वाक्य अर्धंच टाकून त्याने फोन ठेवला.

कारखान्यातून अजून काही कळवलेलं नाही. बाईने आठवं पत्र लिहायला घेतलंय, पण पहिल्या ओळीपुढे ते सरकत नाही.