लख्ख

तो टॉर्च बंद करा बघू, डोळ्यांत जातोय. हां, आता बरं. तुमचा दादा, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, चहाचा कप पुन्हा पुन्हा धुतो म्हणून मघाशी सगळे खिदळत होतात ना? मग ऐका. पण त्याच्यासमोर यातला एक शब्द काढायचा नाही. काढलात तर गाठ माझ्याशी आहे.

दादा तेव्हा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. विषय ॲनालिटिकल केमिस्ट्री. म्हणजे कशात काय आणि किती मिसळलंय ते शोधून काढायचं. त्यांच्या लॅबमध्ये एक मशीन होतं. त्यात सॅम्पलचा थेंब सोडला की तो एका नळीतून जातो, त्यातला एकेक पदार्थ सुटा होऊन बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं टोक उमटतं. काम झालं की नळी धुऊन ठेवायची. नाही धुतली तर मागच्याचं उरलेलं पुढच्याच्या कामात येतं. नसलेल्या पदार्थाचं टोक दिसतं. त्याला ही मंडळी काय म्हणतात माहितीये? घोस्ट पीक. भुताचं टोक. थट्टा करत नाही, पुस्तकातही तसंच छापलेलं असतं.

दादाच्या जोडीला एक मुलगा होता. त्याला सगळे लख्ख म्हणायचे. फ्लास्क धुतला की तो उजेडात धरायचा, फिरवून बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "लख्ख." मग प्रत्येक भांड्याखाली एक फिल्टर पेपर, भांडं पालथं, रांग सरळ. आपला दादा या बाबतीत पक्का आळशी. सिंकमध्ये ढीग टाकायचा आणि पसार व्हायचा. लख्ख कुरकुरत तो ढीगही उपसायचा. "राहू दे, मी धुतो," म्हणायचा.

एके दिवशी दादाला सिनेमाला जायची घाई होती. नळी न धुताच निघाला. लख्खने फोन करून विचारलं, सकाळी परीक्षक येणार आहेत, नळी धुतलीस ना? हा बिनदिक्कत म्हणाला, "हो रे बाबा." त्यानं विश्वास ठेवला. सकाळी बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यानं आपलं औषधाचं सॅम्पल लावलं आणि पडद्यावर भलतंच टोक आलं. दादाच्या सॅम्पलचं.

लॅब सांभाळणाऱ्या त्यांच्या सरांची मान खाली गेली. सगळ्या वर्गादेखत ते म्हणाले, "ज्याचे हात स्वच्छ नाहीत, त्यानं या विषयात राहू नये." लख्खने एकदाच दादाकडे बघितलं. नाव घेतलं नाही. दादा आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

त्याच रात्री लख्ख बसने घरी निघाला. वाटेत बस पुलावरून खाली कोसळली, आणि तो गेला.

आठवड्याने त्याचे वडील सामान न्यायला आले. सरांपुढे हात जोडले. म्हणाले, "पोरानं तुमचं काम घाण केलं, साहेब. तसा नव्हता हो तो. माफ करा." दादा शेजारी पिशवी धरून उभा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडलं... आणि मिटलं. पिशवी फाटकापर्यंत पोचवली. वडिलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तू त्याचा दोस्त ना, असं म्हणाले. तो हात त्याला अजून पाठीवर जाणवतो, असं तो मला सांगत होता.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दादाला शेवटची सॅम्पल लावायची होती. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं, किल्ली खिशात. लख्ख नेहमी करायचा तसं त्यानं आधी कोरं चालवलं. म्हणजे सॅम्पल नाही, नुसतं द्रावण. रेघ सरळ यायला हवी.

टोक आलं.

तेच. त्याच जागी.

नळी धुतली. पुन्हा कोरं. पुन्हा टोक... मोठं झालेलं. आणखी धुतली. आणखी मोठं. मग त्यानं थेंब सोडणारी सुईच बंद केली. आता आत काही जातच नव्हतं. काहीच नाही.

रेघ सरळ चालली होती. सरळ... सरळ...

आणि वर चढली.

मागे नळ सुटला. दादा वळला नाही. काचेवर ब्रश फिरत होता. सावकाश. एक भांडं. दुसरं. मग शांत...

"माझं होतं ते," दादा म्हणाला. "मी धुतली नव्हती."

ब्रश पुन्हा फिरू लागला.

तो पळाला. कुलूप कसं लावलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे मात्र त्यानं ठरवलं, भास झाला आपल्याला, कोणाला काही सांगायचं नाही. असा हा गडी! सकाळी तो कॉलेजात गेला, तर रविवार असूनही सर आले होते. दोघं मिळून लॅबवर गेले. किल्ली दादाच्याच खिशात. त्यानंच कुलूप उघडलं.

सर सिंकपाशी थांबले. दादाचा कित्येक दिवसांचा ढीग तिथे नव्हता. ओट्यावर सगळी भांडी पालथी होती. प्रत्येकाखाली फिल्टर पेपर. रांग सरळ.

"वा, शेवटी शिकलास म्हणायचं," सर म्हणाले. "अगदी त्याच्यासारखी लावलीस."

दादा तिथेच खाली बसला आणि सगळं बोलला. सरांनी लख्खच्या वडिलांना फोन लावला आणि दादाच्या हातात दिला. दादानं त्यांनाही सांगितलं. वडील म्हणाले, "बसमधून फोन आला होता त्याचा. म्हणाला, बाबा, माझं काही चुकलं नव्हतं. मी विश्वास नाही ठेवला रे."

फोन बंद झाला. सरांनी शेवटचा फ्लास्क उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कुठे डाग नव्हता.

तो अजून ओला होता. सरांच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं.