दस्ती पडली की...

ताडकळसच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला गेलेली राजेश्री गर्दीच्या रेट्यात शेळ्यांच्या बाजारात शिरली आणि जागीच थबकली. समोर अंगद एका म्हाताऱ्याचा हात धरून उभा होता. दोघांच्या हातांवर लाल चौकड्यांची दस्ती, खांद्यावरचा मोठा रुमाल, टाकलेली, आणि तिच्या आडून बोटांनी चाललेला सौदा. अंगदचे डोळे हसत होते, भुवया बोलत होत्या... हाच का तो? ती शिकवायची त्या मोठ्यांच्या इंग्रजीच्या क्लासात मागच्या बाकावर मिठाची गुळणी धरून बसणारा?

म्हातारा अडून बसला, तशी न राहवून ती म्हणाली, "घ्या ना बाबा, चांगली दिसतेय शेळी–"

आजूबाजूची माणसं वळून तिच्याकडे बघू लागली. म्हाताऱ्यानं हात काढून घेतला आणि शेळीकडे न बघता निघून गेला.

"मॅडम, दस्ती पडली की तिसऱ्यानं मधी बोलायचं न्हाई," अंगद म्हणाला. "बाजाराचा कायदा हाय."

"चुकलं माझं. पण तुम्ही क्लासात का हो बोलत नाही? इथं तर–"

"बगा, परत."

"काय परत?"

"मी तोंड उघडलं की तुमी मधीच तोडता. एक शब्द चुकला की तुमचा बरोबर शब्द तयार. मग पुढचं समदं घशातच ऱ्हातंय." त्यानं नजर वळवली. "आन् खरं सांगू? तुमच्यासमोर तर लयच..."

राजेश्रीचे कान तापले. रागानं, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण रात्रभर ते शब्द टोचत राहिले. चूक दिसली की पकडायची, यालाच ती शिकवणं समजत आली होती. आणि क्लास चालवणाऱ्या जीवन सरांनी तर बजावलंच होतं, "उद्या मी मागे बसणार. कुणी बोललं नाही, तर दुसरी मॅडम बघतो." नोकरी गेली की वालूरला परत. वालूरला घर होतं, आई होती, सगळं होतं. फक्त तो मागचा बाक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर खरंच येऊन बसले. "काल काय केलं ते इंग्रजीत सांगा," राजेश्री म्हणाली. वर्ग चिडीचूप. एरवी जिची टकळी थांबत नसे ती प्रियांकाही पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. सरांनी घड्याळ पाहिलं.

राजेश्री सरळ मागच्या बाकाशी गेली. "अंगद, तुमची दस्ती द्या."

वर्गात खसखस पिकली.

"ही ज्याच्या खांद्यावर, त्याचं संपेपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. कोण घेतंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग अंगद उठला. "आना इकडं."

"यस्टर्डे... आय गो बाजार." दुरुस्ती तिच्या जिभेवर आली. तिनं ओठ चावला. "वन मॅडम कम. शी टॉक. माय गोट... नॉट सेल." पोरं हसली. तो थांबला, घाम पुसला. "आय अँग्री. देन... आय सी हर फेस. अँग्री गो."

"अहो, हे चूक–" मागून सर.

"सर, दस्ती पडलीय." तिनं अंगदवरची नजर हटवली नाही. सर परत टेकून बसले.

अंगदचं संपलं आणि प्रियांकानं दस्तीसाठी हात पुढे केला. मग तिच्या शेजारणीनं. तास संपला तरी दस्ती फिरतच होती. जाताना सर एवढंच म्हणाले, "सोमवारी पण आणा ती."

जिन्यात अंगद थांबला होता. त्यानं दस्ती हळूच तिच्या खांद्यावर ठेवली. "आता तुमी. मी मधी बोलनार न्हाई."

सगळ्यांची वाक्यं सरळ करणाऱ्या राजेश्रीला स्वतःचं एक वाक्य जुळेना. "तुम्ही... सोमवारपासून माझ्या क्लासात येऊ नका."

अंगदचा चेहरा उतरला. ओठ हलले... कायदा आठवला आणि मिटले.

"संध्याकाळच्या बॅचला बसा. ती सर घेतात. मला... मला तुमची मॅडम राहायचं नाही, अंगद. मला पुढच्या बाजाराला तुमच्यासोबत यायचंय. आणि त्याच्या पुढच्या... आणि मग–" तिचं वाक्य कुठं संपेचना.

तो ते संपेपर्यंत थांबला. मग हात पुढे केला. राजेश्रीनं तो धरला आणि खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या हातांवर टाकली.

"मॅडम, येताव का?" खालून प्रियांकानं हाक मारली.

दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही. सौदा चालू होता.