एकोणपन्नास सेंटची टर्की

दर मंगळवारी मी सहा दुकानं फिरते आणि गोठवलेल्या अख्ख्या टर्कीचा भाव वहीत उतरवते. टर्की पाळणाऱ्यांच्या साप्ताहिक पत्रकात तो छापून येतो. उत्तर मिनेसोटात हे काम मी चौतीस वर्षं करते आहे आणि त्याचे नियम दोनच. भाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, आणि भावाच्या पाटीला हात लावायचा नाही. सगळ्यात स्वस्त आकड्याभोवती मी गोल काढते, ती माझी आपली सवय.

१९८४च्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे घरोघरी टर्की भाजायच्या सणाला, दोन दिवस उरले असताना असाच एक गोल मी तळ्यापलीकडच्या एल्सबीमधल्या दुकानाच्या आकड्याभोवती काढला. पाऊंडला एकोणपन्नास सेंट. माझा डॅरिल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

"आई, इथं गावात मिळते की," तो म्हणाला.

"पाऊंडमागे वीस सेंट जास्त मोजून? मग मी वही कशाला लिहिते, शोभेला?"

तो हसला, पिकअपची किल्ली उचलली आणि गेला. दुकानापर्यंत तो पोचलाच नाही. वसंतात तळं वितळल्यावर पाणबुडे उतरवले. ना गाडी सापडली, ना तो. वीस सेंटसाठी मी पोरगा घालवला, हे मला कुणी तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

तरी त्या दुकानात मी दर आठवड्याला जात राहिले. आता ते जुन्या मालकाचा मुलगा ऑर्विल चालवतो. या मे महिन्यात त्याच्या फ्रीझरवरची पुठ्ठ्याची पाटी मला चुकीची वाटली. एक डॉलर एकोणचाळीस. पुढच्या मंगळवारी एक बेचाळीस, मग एक अठरा. भाव असा उड्या मारत नाही. घरी जुन्या वह्या काढल्या आणि आकडे ताडून पाहिले. ते याच दुकानाचे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातले भाव होते. दर मंगळवारी पाटी एक वर्ष मागे जात होती.

सप्टेंबरात न राहवून विचारलं, "ऑर्विल, टर्की कशी लावलीस?"

"एक एकोणसत्तर. समोर एवढी पाटी आहे की. चष्मा बदल, आर्लिस."

मला दिसत होते सत्त्याऐंशी सेंट. साताच्या मधून आडवी रेघ होती. तशी रेघ ऑर्विलचा बाप मारायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली.

गाडीत बसून मी बोटांवर आठवडे मोजले. १९८४चा भाव पाटीवर नेमका यंदाच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी येणार होता. तेव्हापासून डोक्यात एकच घोळत राहिलं. त्या दिवशी माझ्या वहीत एकोणपन्नास नसते, तर मी त्याला पाठवलं नसतं.

त्या मंगळवारी भर दुपारी मी दुकानात शिरले. ऑर्विल मागे खोकी फोडत होता.

पाटीवर एकोणपन्नास होते.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी पाटीला हात लावला. पुठ्ठा इतका गार होता की बोटं चिकटली. मार्करच्या एका फटकाऱ्यात चाराचा नऊ केला. नव्व्याण्णव.

निघताना ऑर्विल म्हणाला, "सावकाश जा गं. बर्फ सुरू झालंय."

घरी येऊन कोट न काढताच १९८४ची वही उघडली. एल्सबीपुढे माझ्याच अक्षरात नव्व्याण्णव लिहिले होते. भोवती गोल नव्हता.

मी खुर्चीत बसून पोटभर रडले. मग कान देऊन बसले. अंगणात गाडी वाजेल, जिन्यावर त्याचे बूट वाजतील.

काही वाजलं नाही.

म्हणून ते पान पुन्हा, सावकाश वाचलं.

त्या वर्षी माझी दुकानं सहाच होती. पानावर सात होती. सातव्या गावाचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. अंतर पंचावन्न मैल, भाव सत्तेचाळीस सेंट.

त्या सत्तेचाळिसाभोवती गोल होता. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'डॅरिलला पाठवलं.'