बारा वाजायच्या आधीची दुरुस्ती

ला पाझच्या वर, डोंगरपठारावर वसलेल्या एल आल्तोत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, चोवीस जानेवारीला बरोबर दुपारी बारा वाजता अलासिताच्या जत्रेत, आपल्याला जे हवं त्याचं इवलंसं खेळणं घ्यायचं. भगताकडून त्यावर धूप आणि पाकळ्या टाकून घ्यायच्या. वर्षभरात खरी वस्तू दारात. घर हवं तर बोटभर घर, नवरा हवा तर मातीचा कोंबडा.

फिदेलिया लिमाचीनं तळहातावर मावेल अशी पत्र्याची मिनीबस घेतली. एकतिसाव्या वर्षी बटाट्यांचा ठेला सोडून ती गाड्यांचं काम शिकली होती. सेवेरो उस्ताद गॅरेजात तिला महिनाभर बघणार होते. जमलं तर कायम, नाहीतर परत बटाटे.

चूक एवढीच झाली की खेळण्याचं मागचं चाक अडकत होतं आणि बाईला राहवलं नाही. बाराला पाच कमी असताना तिनं पिनेनं ते मोकळं केलं.

"पूजेआधी खोललीस?" भगत म्हणाला.

"चाक अडकत होतं, बाबा."

"अगं, देवाकडं गाडी मागायची असते. तू दुरुस्ती मागून बसलीस." त्यानं पाकळ्या टाकल्या आणि तो पुढच्या कोंबडेवालीकडं वळला.

फिदेलिया हसली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. जत्रा मात्र तिनं एकदाही चुकवली नव्हती.

खेळणं तिनं गॅरेजातल्या अवजारांच्या फळीवर ठेवलं. सोमवारी सकाळी बघते तर खाली थेंबभर पाणी. छप्पर गळत असेल म्हणून पुसलं. दहा वाजता एक मिनीबस वाफा सोडत आली, रेडिएटर फुटलेला. मंगळवारी खेळण्याचा डावा दिवा पिचलेला, आणि आलेल्या गाडीचाही डावाच. गुरुवारी खेळण्याला मेंढीचा वास येत होता. तिनं दोनदा हुंगून बघितलं.

दुपारी एक ड्रायव्हर आला. "ताई, हॉर्न दाबला की वायपर हलतात."

फिदेलियानं सरळ मागचं सीट उचललं. खाली मेंढी बसली होती, निवांत वायरी चघळत.

"तुला कसं कळलं?" उस्तादांनी विचारलं.

"वास आला."

"मला नाही आला."

"तुम्ही तीस वर्षं डिझेल हुंगताय, उस्ताद."

उस्ताद हसले नाहीत, पण चारच्या सुमारास स्वतःच्या हातानं तिला गरम जांभळ्या आपीचा पेला आणून दिला. मक्याच्या त्या पेयाचा मान गॅरेजात आजवर फक्त पाद्रीबाबांना मिळाला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिनं गंमत म्हणून खेळण्याचं वाकलेलं दार चिमट्यानं सरळ केलं. अकराला एक ड्रायव्हर खिडकीतूनच म्हणाला, "काल दार लागत नव्हतं, आज आपोआप लागतंय. राहू द्या." तीन दिवस ती रोज सकाळी खेळणं नीट करत राहिली. गिऱ्हाइकं यायची ती बरी होऊनच.

"काय गं, तुला बघूनच गाड्या बऱ्या होतात का?" उस्ताद म्हणाले. "मग तुला ठेवू कशाला? तुझा फोटो लावतो दारात."

तेव्हापासून तिनं खेळण्याला हात लावला नाही. कामं पुन्हा येऊ लागली.

शेवटचा दिवस शुक्रवार. "आज एक मोठं काम एकटीनं कर," उस्ताद म्हणाले. "मग बोलू."

सकाळी खेळणं फळीवरून खाली पडलेलं होतं. तिनं वर ठेवलं. ते घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं. उलटं करून बघितलं तर ब्रेकची नळी तुटलेली.

जत्रेतल्या पत्र्याच्या खेळण्याला ब्रेकची नळी नसते.

आतून काहीतरी बारीक ऐकू येत होतं. तिनं ते कानाला लावलं. रेडिओ. मग एक बाई म्हणाली, "दादा, हळू घ्या की."

हात लावला तर आज काम येणार नाही. नाही लावला, तर कदाचित गाडीच येणार नाही. ला पाझकडं उतरणारा घाट तिला दिसायला लागला.

दोरा जाड पडला. तारही जाड पडली. तिनं टोपीखालून वेणीतला एक केस उपटला.

सात वेढे. गाठ.

खेळणं थांबलं.

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. उस्ताद घड्याळाकडं बघत होते. ती लादी पुसत होती. पुसलेलीच.

तीनला एक मिनीबस हळूच आत आली. ड्रायव्हर पांढराफटक पडलेला.

"घाटात ब्रेक गेला, उस्ताद. आत चौदा माणसं. शेवटच्या वळणावर आपोआप लागला. आता सगळं ठीक आहे, पण एकदा बघा."

उस्ताद स्वतः गाडीखाली सरपटत गेले.

"फिदेलिया."

"हो, उस्ताद."

"नळीला काहीतरी गुंडाळलंय. मी दोर समजलो. केस आहे गं. एकच. माझ्या अंगठ्याएवढा जाड."

ड्रायव्हर एक पाऊल मागे सरला.

"गाठ तुझी आहे," उस्ताद म्हणाले. "महिनाभर बघतोय, तुझी गाठ ओळखतो मी. कधी केलंस हे, विचारत नाही. उद्यापासून कायम ये."

ती पुसायचं फडकं टाकून गाडीजवळ आली.

घट्ट आहे का बघायला उस्तादांनी खालून तो केस जरा ओढला.

कुणी वेणी ओढावी तशी फिदेलियाची मान खाली झुकली.

"पक्कं आहे," ते म्हणाले. गाडीखालून ग्रीसनं माखलेला हात बाहेर आला. "आता नवी नळी टाकू. सुरी दे, हे कापून काढतो."