ओनुतेसाठी मांडलेले ताट

ते रिकाम्या खुर्चीपुढचे ताट उचलू नका, मुलांनो. रात्रभर तसेच राहू द्या. का, ते सांगतो.

ही हकीकत माझा मावसभाऊ विदास याची. तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता. सन एकोणीसशे ब्याण्णव, नाताळाची आदली रात्र, म्हणजे आजचीच. मावशीने हेरिंग मासे आणि खसखशीचे दूध देऊन त्याला पोवीलासकाकांकडे धाडले. काकांची पत्नी ओनुते त्याच वर्षी वारली होती.

काका दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कौनास शहरात गुप्त पोलिसांत होते. शत्रूचे हेर हुडकणे हे त्यांचे काम. पकडलेल्याने गळफास घेऊ नये म्हणून त्याच्या बुटांच्या नाड्या ते स्वतः काढीत आणि बोटाभोवती गुंडाळून टेबलावर ठेवीत. राहते घर त्यांना याच सेवेबद्दल मिळालेले.

या रात्री घरच्या मृतांसाठी एक ताट मांडतात; काकांनी ते ओनुतेचे म्हणून मांडले होते. त्यांनी विदासला थांबवून घेतले.

"ती आली तर माफी मागायचीय. हे घर आधीपासून ओसाड पडलं होतं, असंच तिला जन्मभर सांगत आलो."

"मला बघून आधी बूट झटकायला लावेल ती, काका."

काका हसले. विदासने ओनुतेच्या ताटाशेजारच्या वाडग्यात दूध ओतले. बाहेर बर्फ थांबले होते.

मग ओसरीत पावले वाजली. घसटत. सैल बूट ओढीत कुणी चालावे तशी.

"ओनुते?"

ताटापुढची खुर्ची सरकली...

"तिचं पाऊल हलकं होतं," काका पुटपुटले. "हे चालणं मला ठाऊक आहे. माझ्या कचेरीतून कोठडीकडे सगळे असेच जायचे."

विदासने कोण म्हणून विचारले.

"स्टुल्गिस. हे घर त्याचं. याच रात्री, याच टेबलावरून मी त्याला उठवलं. तोंडात घास होता... आणि मी ताट मांडलं ते माझ्या माणसाचं."

मेणबत्ती विझली.

चमचा वाजला. एकदाच.

"जेव बाबा," अंधारात काका म्हणाले. "आज कोणी उठवणार नाही."

विदासने कशीबशी काडी ओढली. खुर्ची रिकामी. अंगणातल्या बर्फावर विदासच्या पावलांखेरीज एकही ठसा नव्हता. विदास आणि काका, दोघांच्याही पायांत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट होते. त्यांना नाड्या नसतातच.

वाडग्यातले दूध संपले होते. शेजारी ताटात दोन नाड्या होत्या. ओल्या. काका बोटाभोवती गुंडाळून ठेवीत, तशाच नीट गुंडाळलेल्या.