ताईची खुर्ची

सगळे बसले आणि ताई उभीच राहिली. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी एकही खुर्ची रिकामी नव्हती… आणि ती मांडणी दुसऱ्या कुणी नाही, स्वतः ताईनेच सकाळी जातीने उभं राहून करून घेतली होती!

आज तिच्या भावाची सोयरीक पक्की व्हायची होती. मुलगी, तिचे आईवडील, काका आणि आत्या अशी मंडळी जेवायला आली होती, आणि जेवण ताईच्याच हॉटेलात होतं. कपबश्या विसळण्यापासून सुरुवात करून ती इथली जनरल मॅनेजर झाली होती. वडील आधीच गेलेले, आई गेली तेव्हा भाऊ शाळेत. तेव्हापासून त्याची आई म्हणा, बाप म्हणा, सगळं तीच. “आधी त्याचं होऊ दे,” असं म्हणत स्वतःला आलेली स्थळं तिने परत पाठवली, आणि पुढे ती यायचीच थांबली. त्याचं दुःख तिने कधी कुणाला दाखवलं नाही. पण आज मात्र तिला एकच गोष्ट मनापासून हवी होती… भावाच्या शेजारी, आईच्या जागी, आपण बसावं. त्यासाठी तर तिने ठेवणीतले कपडे काढले होते.

पण सवय मोठी वाईट! हॉटेलात मोजतात ती बसणारी माणसं, उभ्या राहणाऱ्यांना कोण विचारतो? बाईसाहेबांनी पाहुणे मोजले, भाऊ मोजला, तेवढ्या खुर्च्या, तेवढी ताटं लावून घेतली, आणि वर वेटरांना “एकही कमी पडता कामा नये” अशी तंबीही दिली. स्वतःला मोजायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

“अहो, पण तुमची जागा कुठंय?” मुलीच्या आईने विचारलं.

दुसरी कुणी असती तर ‘अगंबाई, विसरलेच की’ म्हणून हसली असती आणि खुर्ची ओढून बसली असती. ताईच्या चेहऱ्यावर मात्र तिचं कामावरचं हसू आपसूक आलं. “तुम्ही सुरू करा ना, काकू. मी मागाहून जेवते. काही लागलं तर आहेच मी इथे,” ती म्हणाली, आणि सूप का येत नाही ते बघायला किचनकडे वळली.

भाऊ उठला आणि तिच्या मागोमाग गेला. किचन आणि हॉलच्या मधल्या बोळात, धुतलेल्या प्लेटांच्या चळतींपाशी, त्याने तिला गाठलं.

“आजही?” तो म्हणाला. “ताई, आजच्या दिवशीही तुला माझ्याबरोबर बसवत नाही?”

“अरे, विसरले मी. खरंच विसरले रे…”

“तू? कुठल्या गिऱ्हाइकाला मीठ कमी लागतं तेही तुझ्या लक्षात असतं. जाऊ दे. किती दिवस सांगायला जमत नव्हतं, आता सांगतो. लग्नानंतर आम्ही वेगळे राहणार आहोत. घर बघून झालंय.”

ज्याच्यासाठी हाडाची काडं केली, ज्याच्या एका हसण्यावर सगळं तारुण्य ओवाळून टाकलं, त्याच्याच तोंडून हे ऐकायचं होतं!

“माझं काय चुकलं, ते तरी सांग,” ती कशीबशी म्हणाली. “कधी उपाशी ठेवलं का तुला? रोज इथून डबा पाठवला…”

“डबा आला गं. रोज आला, गरम आला, माझ्या आवडीचा आला.” त्याचा आवाज ओला झाला होता. “पण आई गेल्यापासून घरच्या टेबलाशी माझ्यासमोर कुणी बसलेलंच नाही. शेजारच्या घरातून जेवतानाच्या गप्पा ऐकू यायच्या. त्या ऐकू येऊ नयेत म्हणून माझं जेवण होईपर्यंत मी नळ सोडून ठेवायचो. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, ताई. मला फक्त त्या टेबलाशी परत एकट्याने बसायचं नाही.”

नळ! नळ वाहता सोडतो म्हणून किती बोलली होती ती त्या पोराला… ताईच्या काळजात चर्रर्र झालं. ती स्वतः याच बोळात, हातात बशी घेऊन, उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायची, आणि मनाची समजूत घालायची, की आपण एकटे तर एकटे, तो तिकडे सुखात आहे. आणि तो तिकडे नळाच्या आवाजात जेवत होता!

“मला बोलला का नाहीस रे?”

“काय बोलणार? दमून यायचीस, दारातच विचारायचीस, जेवलास ना? मी हो म्हणायचो. जेवलेलो असायचोच की.”

ताईला हुंदका आवरेना. “पोट भरलं की लेकरू भरून पावलं, असंच समजत राहिले मी… चुकलं रे माझं. जा तू. खुशाल वेगळा राहा. तिच्यासमोर बसून जेव रोज. मी एका शब्दाने अडवणार नाही.”

“ते राहीनच,” तो म्हणाला आणि स्वतःच्या रुमालाने त्याने तिचे डोळे पुसले. “पण आत्ता आधी तू चल.”

बाजूच्या टेबलाची एक खुर्ची त्याने स्वतः उचलून आणली आणि आपल्याशेजारी लावली. मंडळींनी सरकून जागा केली. हॉलकडे पाठ करून बसायची ताईची ही पहिलीच वेळ. कोण आलं, कोण ताटकळलं, काही दिसेना. सवयीने तिने भराभर घास घेतले, तशी होणारी भावजय हसून म्हणाली, “ताई, सावकाश. ताट कुणी पळवत नाहीये.”

एवढ्यात मागे ट्रे पडला. ग्लास खळकन फुटले आणि अख्खा हॉल गप्प झाला. ताई अर्धी उठली. भावाने तिचं मनगट धरलं.

“आहेत माणसं,” तो हळूच म्हणाला. “बस.”

मागे कुणीतरी काचा झाडायला लागलं. ताई सावकाश खाली बसली. भावाने न विचारता तिच्या ताटात भात वाढला आणि आपला घास उचलला. डावा हात ताटाच्या कडेला टेकवून, मान किंचित वाकडी करून तो जेवत होता… अगदी आईसारखा. डोळ्यांतलं पाणी तसंच राहू देऊन ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानाचा मोठा केला होता तिने त्याला, पण तो कसा जेवतो हे तिला आज कळत होतं.